पांढरीची मोजणी

पांढरी प्रजासत्ताकाचा परराष्ट्रमंत्री गौरेश खवणेकर दोन नंबरच्या पंपाखाली उताणा पडून व्हॉल्व्ह आवळत होता, तेव्हा त्याच्या देशाचं भवितव्य खिशातल्या फोनवर येऊन थडकलं. त्याने ते लगेच वाचलं नाही. चारशे बारा माणसांच्या देशात मंत्र्याला पगार पंपाचाच मिळतो, त्यामुळे आधी पंप आणि मग जग, असा क्रम त्याने स्वतःला लावून घेतला होता.

पांढरी म्हणजे अरबी समुद्रातलं एक बेट. कोकण किनाऱ्यापासून वेगवान बोटीने चौदा तास, आणि कुठल्याही देशाच्या हद्दीच्या बाहेर. तीस वर्षांपूर्वी तिथे नुसतं पाणी होतं आणि पाण्याखाली दोन पुरुष खोल बुडालेला एक डोंगरमाथा. युरोपातल्या ऑल्मार्क नावाच्या देशाने त्या माथ्यावर लोखंडी जाळ्या अंथरल्या आणि त्यांतून अगदी मंद वीज सोडली. समुद्राच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. वीज वाहू लागली की तो जाळीवर येऊन बसतो, थरावर थर चढतो, आणि काही वर्षांत सिमेंटच्या तोंडात मारेल असा पांढरा दगड तयार होतो. ऑल्मार्कवाल्यांनी त्यात चुना पकडणारे जिवाणू सोडून वेग दहापट केला. एवढी वीज आणायची कुठून, तर तीही समुद्रातूनच. वरचं पाणी कोमट, हजार मीटर खालचं बर्फासारखं गार. त्या दोघांच्या फरकावर जनित्र फिरतं. उरलेल्या विजेवर जहाजांसाठी अमोनिया बनवायचा आणि विकायचा, असा धंदा होता.

धंदा ऑल्मार्कचा, घाम मालवण-देवगडचा. गडी आले, मग त्यांच्या बायका आल्या, शाळा झाली, मासळीबाजार झाला. वसाहतीचं सरकारी नाव 'ऑल्मार्क सागरी प्रदेश तीन' असं होतं. अकरा अक्षरांचं नाव हाक मारायला सोयीचं नाही, म्हणून लोकांनी पांढरी म्हणायला सुरुवात केली. दगड पांढरा होताच, शिवाय आपल्याकडे गावाच्या वस्तीच्या जागेला पांढरीच म्हणतात.

पुढे अमोनियाचे भाव पडले आणि ऑल्मार्कला एकाएकी लोकशाहीची आठवण झाली. स्वातंत्र्य लढून मिळवावं लागतं असं गौरेश शाळेत शिकला होता. पांढरीला ते ई-मेलने मिळालं. 'आजपासून आपण स्वतंत्र आहात, किल्ल्या भांडारात ठेवल्या आहेत,' एवढाच मजकूर होता.

पण घोडं पुढेच अडलं. देश असणं वेगळं आणि तुम्ही देश आहात असं दुसऱ्यांनी म्हणणं वेगळं. लग्न झालंय हे नुसतं नवराबायकोला माहीत असून भागत नाही, चार माणसांनी जेवून जावं लागतं. पूर्वी ही मान्यता देताना मोठे देश आपापले डाव साधत. या भांडणाला कंटाळून सगळ्यांनी ते काम एका यंत्राकडे सोपवलं होतं. जमीन आहे का, सरकार आहे का, इतरांशी व्यवहार करायची ताकद आहे का आणि कायमची वस्ती आहे का, हे चार प्रश्न यंत्राने तपासायचे. यंत्र हो म्हणालं की सगळ्यांनी मान्यता द्यायची. पांढरीच्या दगडात या यंत्राचे चाळीस संवेदक पुरलेले होते. माणूस चालला की जमीन किंचित हलते, आणि प्रत्येकाच्या चालीची थरथर वेगळी असते. त्यावरून बेटावर कोण आहे, कोण गेलं, हे यंत्राला बसल्या जागी कळे. पांढरीची माणसं त्याला मोजणीदार म्हणत.

मोजणीदाराने चार वर्षं ओळीने एकच उत्तर दिलं होतं : कायम वस्ती, अमान्य. यामागे बड्या राष्ट्रांचा कट आहे याबद्दल पांढरीत कोणाचंही दुमत नव्हतं. कट कोणाचा यावर मात्र मासळीबाजारात रोज मतभेद होत. आता पाचवं वर्ष चालू होतं आणि ते शेवटचं होतं. पाच वर्षांत मान्यता मिळाली नाही, तर बेट बेवारस ठरून लिलावात निघणार आणि माणसांना तिथून उठवणार, असा नियमच होता. गौरेशने अखेर गावाकडे तहसीलदाराला लिहितात तसा माहिती अधिकाराचा अर्ज मोजणीदाराला ठोकून दिला होता. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन. खाली सही, प्रत माहितीसाठी.

त्याचंच उत्तर आज फोनवर आलं होतं. गौरेश पंपाखालून निघाला, हात पुसले आणि वाचायला बसला.

'मुद्दा एक : कोणत्याही राष्ट्राचा दबाव नाही. मुद्दा दोन : नियमाप्रमाणे सलग तीनशे पासष्ट दिवस किमान दोनशे रहिवासी बेटावर हवेत. मुद्दा तीन : दरवर्षी एका विशिष्ट आठवड्यात आपली लोकसंख्या चारशेवरून नऊवर येते. ही माणसं वादळात, तापात, रजा नाकारलेली असताना, एका प्रसंगी पाय प्लास्टरमध्ये असतानाही जातात. कोणी सक्ती करत नाही. माणूस ज्या दिवशी दुसरीकडे कुठेही असू शकत नाही, त्या दिवशी तो जिथे असतो ते त्याचं कायमचं घर, असा या यंत्राचा निष्कर्ष आहे. ते घर पांढरीत नाही.'

खाली चार वर्षांचा आलेख होता. सपाट रेषा, आणि प्रत्येक भाद्रपदात एक खोल विहीर.

"अरे देवा," गौरेश म्हणाला, "गणपती."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! चार वर्षांत हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण बेट रिकामं होतं तेव्हा ते बघायला सगळं मंत्रिमंडळच बेटावर नसे. मागे उरत ती केरळची नर्स लिझी, तिचा नवरा आणि ओडिशाचे सात वेल्डर. प्लास्टरमधला पाय खुद्द गौरेशचाच होता.

राष्ट्राध्यक्षा वीणा तोरसकर मूळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि त्यांना राष्ट्राध्यक्षा म्हणायचं कोणाला सुचत नसे. सगळे बाईच म्हणत. बाईंनी मंत्रिमंडळाची बैठक शाळेतच घेतली. मंत्री लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले.

"चतुर्थीला दोनशे माणसं इथे थांबली पाहिजेत," बाई म्हणाल्या. "हात वर करा."

अर्थमंत्र्यांच्या घरी यंदा नव्या सुनेची पहिली, ओवशाची गौर होती. आरोग्यमंत्र्यांना मृदंग वाजवायचा होता. शिक्षणमंत्र्यांनी चार महिने आधी तिकिटं काढली होती, आणि कोकणी माणसाला जीव सोडायला सांगितलं तर तो विचार करेल, गणपतीचं पक्कं झालेलं तिकीट तो सोडत नाही. हात एकही वर आला नाही.

"हा अर्ज कोणी केला होता?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी गौरेशकडे पाहिलं.

"मग सुरुवात तुमच्यापासून. परराष्ट्रमंत्री थांबले की बाकीच्यांना मी बघते."

गौरेश पंचेचाळीस वर्षांचा होता आणि त्याने एकही चतुर्थी गावच्या घराबाहेर काढली नव्हती. आईबाप लवकर गेले, तेव्हापासून पंधरा वर्षांनी मोठ्या बाबलदादाने त्याला वाढवलं. दादाने त्याला कधी मांडीवर घेतलं नाही की शाबासकी दिली नाही. पण आरतीचं तबक हातात घेताना दादा दरवर्षी मागे वळून एकदा बघे, आणि गौरेश दिसला की मगच ज्योत पेटवी. गौरेशला माया म्हणून जेवढी ठाऊक होती ती एवढीच.

"राहूया आपण," त्याची बायको सानिका म्हणाली. "पण चतुर्थीच्या दिवशी मी रित्या घरात बसूचंय नाय. हयसर गणपती आणूया. घरात गणपती असलो तर बाकीची बायकामाणसांय थांबतली."

तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. दोन दिवसांत तिने सत्तर घरांकडून 'आधी तुमी आणा, मगे आमी' असा शब्द घेतला. दादाला फोन करायचं तेवढं बाकी राहिलं, आणि त्याला गौरेशने तीन आठवडे लावले.

"दादा, औंदा माका येवक जमाचा नाय."

"आजारी आसंस?"

"नाय. मोजणी आसा."

"जमिनीची?"

"माणसांची. चतुर्थीक दोनशे माणसा हयसर व्हयी."

"मगे दोनशात तूच कित्याक? बाकीचे मेले?"

"आणि घरात गणपती आणूचो म्हणतंय. यंदाच्या वर्सापुरतो."



"वर्सापुरतो गणपती?" दादा म्हणाला. "तो काय मंडपातलो पंखो, भाड्यान आणूक? एकदा घरात आणलंस की दरवर्षी आणूचो लागता. बंद करूक येणा नाय. आणि वेगळो गणपती म्हणजे वेगळी चूल. खवणेकरांनी जमीन वाटली, माडांची झाडा वाटली, पाच पिढ्यांत गणपती कोणी वाटूक नाय."

"दादा, देशाचो प्रश्न आसा."

"भरती इली काय दिसता तरी तुझो देश?"

"दिसता. सहा मीटर वर आसा पाण्याच्या."

"माका दिसणा नाय," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

ही मान्यता नाकारायची रीत मोजणीदारापेक्षा फारच आटोपशीर होती. एका वर्षाचा प्रश्न आहे, पुढच्या वर्षी दादाचे पाय धरू, असं त्याने मनाशी ठरवलेलं होतं. दादाने ती पळवाट एका वाक्यात बुजवून टाकली. यंत्राला एक वर्ष पुरत होतं. गणपतीला पुरत नव्हतं. आज घरात मूर्ती बसवली की गौरेश पांढरीचा तो मरेपर्यंतचा.

त्याने ही गोष्ट सानिकाला सांगितली. ती तांदूळ निवडत होती. "म्हणजे मोजणीदाराक जा व्हया ताच झाला," ती म्हणाली. मग तिनेही डोळ्यांना पदर लावला, कारण मोदकाच्या पाऱ्या वळायला तिला मोठ्या जावेनेच शिकवलं होतं.

अडचणी इथे संपल्या नाहीत. गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे जिथे मूर्ती घडवतात तिथे, दादाचा शब्द चालत असे. पांढरीसाठी एकही मूर्ती मिळाली नाही. बेटावर चिमूटभर माती नव्हती. शेवटी जाळीवर नुकताच बसलेला मऊ पांढरा लगदा खरवडून गौरेशनेच मूर्ती करायला घेतली. पहिली झाली ती थेट ऑल्मार्कच्या जुन्या गव्हर्नरसारखी दिसायला लागली. सोंड होती म्हणून बरं. सोंड सारखी गळून पडत होती, तेव्हा त्याने आत लोखंडी तार घातली. ही युक्ती त्याने सगळ्यांना शिकवली, आणि आठ दिवसांत पांढरीत एकाहत्तर गणपती तयार झाले. सगळे पांढरेशुभ्र, सगळे जरासे परदेशी.

थांबायचं कबूल केलेल्यांचा आकडा दोनशे सव्वीस होता. हरितालिकेच्या दिवशी शेवटची बोट सुटणार होती, म्हणून गौरेश सकाळपासून धक्क्यावर डोळ्यांत तेल घालून उभा राहिला. फोनवर मोजणीदाराचा आकडा दिसत होता. दोनशे एकोणीस. मागे वळून बघतो तर दोनशे चौदा. शिक्षणमंत्री सहकुटुंब बोटीच्या खिडकीतून हात हलवत होते. एक फिटर बर्फाच्या पेटीत बसून जाताना सापडला. शिंक आली म्हणून सापडला. आकडा दोनशे तीनवर आला तेव्हा गौरेशला समोर छत्री दिसली, छत्रीखाली बॅग, आणि बॅगेमागे बाई.

"बाई, तुम्ही?"

"मी निरोप द्यायला आले होते," बाई म्हणाल्या.

"बॅग घेऊन?"

राष्ट्राध्यक्षांनी बॅगेकडे असं पाहिलं की जणू ती मागे मागे स्वतःच्या पायाने आली असावी. मग त्या बॅगेवरच बसल्या. "गौरेश, माझी आई नव्वद वर्षांची आहे हो. दरवर्षी म्हणते, पुढच्या गणपतीला मी नसेन."

गौरेशच्या स्वतःच्या वरच्या खिशात चार महिन्यांपूर्वी काढलेलं तिकीट होतं आणि ते सकाळपासून छातीला टोचत होतं. दोन पावलं टाकली की बोट. उद्या या वेळेला दादा मागे वळून बघणार, आणि तिथे कोणी नसणार. बोटीचा भोंगा झाला. त्याने बाईंची बॅग उचलली आणि दोघं उलट्या दिशेने चालू लागली. आपल्या मागे काय चाललंय ते बघायचं धाडस परराष्ट्रमंत्र्याला झालं नाही. आकडा दोनशे एकवर थांबला.

दुसऱ्या दिवशी पांढरीत एकाहत्तर घरांत आरती झाली. गौरेशने तबक हातात घेतलं आणि सवयीने थांबला. पुढे कोणी नव्हतं. वळून बघणारा आता तोच होता. त्याने मागे पाहिलं. सानिका होती, बाई होत्या, लिझी आणि तिचा नवरा होते, आणि सात वेल्डर प्रसादाच्या ताटाकडे भक्तिभावाने बघत उभे होते. त्याने ज्योत पेटवली. आरती म्हणताना त्याचा आवाज मध्येच फुटला, तो वेल्डरांनी ओडिया चालीत सावरून नेला.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं आणि दोन आठवड्यांनी वेगळीच भानगड उपटली. गणपती विरघळायला तयार नव्हते. पश्चिम किनाऱ्यावर त्यांना जिथे सोडलं होतं तिथे तळाशी विजेच्या जाळ्या होत्या. सोंडेतल्या तारा त्यांना टेकल्या, आणि मूर्तींवर चुना बसू लागला. महिनाभरात प्रत्येकाने अंगठ्याएवढी जाडी चढवली. ओहोटीला एकाहत्तर पोटं पाण्याबाहेर दिसू लागली.

वर्षाचा शेवटचा दिवस भरला आणि मोजणीदाराचं पत्र आलं. 'कायम वस्ती : मान्य. भूभाग : मान्य. पश्चिम किनाऱ्यावर एकाहत्तर घन वस्तू वाढत आहेत. स्वरूप कळले नाही, वाढ चालू आहे. त्यांची नोंद नव्या भूभागात केली आहे.' तीन दिवसांत एकशे एकवीस देशांनी मान्यता दिली. ऑल्मार्कने अभिनंदनाबरोबर विचारलं, की भांडारात त्यांची एक शिडी राहिली आहे ती पाठवता येईल का. लिलाव रद्द झाला. मासळीबाजारात पेढे वाटले गेले आणि कट नेमका कोणाचा होता यावर नव्याने वाद सुरू झाला.

बाबलदादाचा फोन आला नाही. दिवाळीत आला नाही, शिमग्याला आला नाही. गौरेशने केले ते वहिनीने उचलले आणि 'ते झाडार चढलेत' असं सांगितलं. साठीतला माणूस सहा महिने झाडावर असू शकत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग श्रावणातल्या एका दुपारी धक्क्यावरून निरोप आला, की एक परदेशी पाहुणा उतरलाय आणि कागद भरायला तयार नाही. पासपोर्टवर शिक्का मारायचं कामही परराष्ट्रमंत्र्याकडेच होतं. गौरेश पंपावरून तसाच तेलकट हातांनी गेला.

लाकडी खिडकीपलीकडे बाबलदादा उभा होता. धोतर भिजलेलं, चेहरा हळदीसारखा पिवळा, काखेत पिशवी. चौदा तासांच्या बोटीने त्याच्या पोटात काही शिल्लक ठेवलेलं दिसत नव्हतं. जन्मात कधी देवगडच्या खाडीपलीकडे न गेलेला माणूस नवाकोरा पासपोर्ट हातात धरून उभा होता.

"दादा!"

"ह्यो कागद भर," दादा म्हणाला. "माझो चष्मो समुद्रात गेलो."

गौरेशने कागद पुढे ओढला. नाव लिहिलं. गाव लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी तो थांबला. "येण्याचं कारण?"

"लिव. भावाच्या घराक गणपतीचा आमंत्रण."

गौरेशला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. "माका कसला आमंत्रण, दादा? मी घरचोच मां?"

"घरचो होतंस तेव्हा कधी बोलावलंय तुका?" दादाने पिशवीतून नारळ काढला, अक्षतांची पुडी काढली आणि खिडकीच्या फळीवर मांडली. "पंचेचाळीस वर्सा न बोलावता इलंस. घरच्यांका कोण बोलावता? आता तू वेगळो झालंस. तुझ्या घरात गणपती आसा. वेगळ्या घराक बोलावणा करूकच व्हया, नाय तर लोक म्हणतले, बाबल खवणेकरान भावाक ओळख दिल्यान नाय. म्हणान स्वता इलंय. जोडीन येवा. एक दिवस येवा आणि दुसऱ्या दिवशी परत फिरा. तुझ्या गणपतीक एकटो ठेवू नको."

मोजणीदाराचं पत्र आलं तेव्हा गौरेशने आरोळी ठोकली होती. एकशे एकवीस देशांच्या मान्यता त्याने भिंतीला टाचून ठेवल्या होत्या. ही एकशे बाविसावी आली, आणि आपण आजपासून त्या घरचे नाही हे त्याला पुरतं उमगलं. पांढरी प्रजासत्ताकाचा परराष्ट्रमंत्री अक्षतांवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला.

दादाने खिडकीतून हात आत घातला. तो हात गौरेशच्या डोक्यावर जाईल असं क्षणभर वाटलं; दादालाही वाटलं असावं. पण तो शिक्क्याच्या पेटीवर जाऊन थांबला.

"रडतंस कित्याक? मंत्री मां तू?" दादा म्हणाला. "शिक्को मार आणि पासपोर्ट दी माझो. आणि सानिकाक च्याय टाकूक सांग, माझ्या पोटात बोटीन काय ठेवूक नाय."